‘पुट ऑफ’ कुठे आणि कसं वापरायचं

माझ्या संध्याकाळच्या वर्गात ऑफिसात काम करणारी मंडळी येतात. ई-मेल लिहिताना त्यांचा हमखास गोंधळ उडतो तो ‘पुट ऑफ’ आणि ‘कॉल ऑफ’चा. मीटिंग सोमवारऐवजी गुरुवारी होणार असेल तर ती ‘पुट ऑफ’. होणारच नसेल तर ‘कॉल ऑफ’. उलटं कळवलंत तर साहेब गुरुवारी फिरकणारच नाहीत!

नवी तारीख सांगताना ‘टिल’ लावा: ‘द मीटिंग हॅज बीन पुट ऑफ टिल थर्सडे.’ भूतकाळातही ‘पुट’च राहतं.

आता खरी मेख. नाम असेल तर ते मध्ये घाला नाहीतर शेवटी, दोन्ही चालतं: ‘पुट द मीटिंग ऑफ’, ‘पुट ऑफ द मीटिंग’. सर्वनाम मात्र मध्येच बसवायचं. ‘पुट इट ऑफ’ बरोबर, ‘पुट ऑफ इट’ साफ चूक. पुढे क्रियापद आलं तर त्याला ‘आयएनजी’ जोडा: ‘आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टु द डेंटिस्ट.’ इथे कुणी ‘टु गो’ लिहिलं की मी लाल पेन उचलते.

दुसरा अर्थ वेगळाच, मन उडण्याचा. ‘द स्मेल पुट मी ऑफ माय फूड’, म्हणजे त्या वासानं जेवणाची इच्छाच गेली. पुढे ढकलण्याचा इथे काही संबंध नाही.

आणि हो, मीटिंग अलीकडे आणायची असेल तर ‘प्रीपोन’ आपल्याकडे सर्रास खपतं. लंडनच्या ऑफिसला लिहिताना ‘ब्रिंग फॉरवर्ड’ वापरा.