सायकलच्या जुन्या पंपानं बरणीतली हवा काढायची युक्ती

पावसाळ्यात तुरीच्या डाळीला सोंडे लागतात अन् हवा काढायची मशीन घ्यायची तर हजार-दोन हजार जातात. आमच्याकडं लातूरला घरोघरी सायकलचा पंप पडलेला असतो, तोच उलटा करायचा.

वरचं झाकण खोलून दांडी बाहेर काढा, खालचं चामड्याचं वायसर वाटीसारखं असतं, त्याचं तोंड खाली असतं ते वर करून बसवा, दोन थेंब तेल सोडा. पंपाच्या बुडाशी गोळीचा वॉल्व्ह असला तर काढून टाका. आता दांडा ओढला की पंप हवा आत खेचतो.

बरणीच्या पत्र्याच्या झाकणाला भोक पाडून मासे ठेवायच्या टाकीचा एकतर्फी वॉल्व्ह एम-सीलनं पक्का करा, फुंकून बघा, हवा बाहेरच यायला पाहिजे, मी पहिल्यांदा उलटा लावला अन् अर्धा तास नुसता घाम गाळला! नळी जोडून दांडा खालीवर करा, झाकण मधी दबलं की झालं. डाळ आधी कडक उन्हात वाळवून गार करून भरा.

बरणी जाड काचेची घ्या, चरा गेलेली नको, अन् ओढताना वरून टॉवेल गुंडाळा, काच आतल्या आत फुटू शकते.