हळदी-कुंकवाच्या वाणातून न्याय्य व्यापार

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत नाशिकच्या घराघरांत हळदी-कुंकवासाठी एकाच प्रकारच्या पंचवीस-तीस वस्तू एकदम विकत घेतल्या जातात, त्यामुळे न्याय्य व्यापारातील, म्हणजे पिकवणाऱ्याला रास्त दर देणाऱ्या व्यापारातील, मालाची ओळख करून देण्यास प्लास्टिकच्या डब्यांऐवजी फेअरट्रेड प्रमाणित चहाची छोटी पाकिटे किंवा सुती पिशव्या वाण म्हणून देणे सोयीचे ठरते. भाषणापेक्षा चहाचा एक घोट अधिक पटतो, हे वेगळे सांगायला नको.

वाणासोबत चार ओळींची चिठ्ठी अवश्य द्यावी. फेअरट्रेड या न्याय्य व्यापाराच्या प्रमाणन व्यवस्थेत अनेक पिकांना किमान दर ठरलेला असतो आणि त्याशिवाय मिळणारी अधिकची रक्कम शाळा, पाणी अशा कोणत्या कामावर खर्च करायची, हे शेतकरी किंवा मजूर स्वतः ठरवतात, एवढे त्यात पुरे. पाकिटावर प्रमाणनाचे चिन्ह आहे की नुसतेच ‘नैतिक’, ‘शेतकरीस्नेही’ असे शब्द, हे खरेदीपूर्वी तपासावे.

पेठ-सुरगाण्याची नागली बचत गटाकडून घासाघीस न करता घेतली, तर तीही वाणाला शोभते; मात्र प्रमाणपत्र नसल्यास चिठ्ठीत तिला ‘प्रमाणित’ म्हणू नये, गटाचे नाव आणि त्याला प्रत्यक्ष दिलेला दर लिहावा.