वाघ समोर, दुर्बिणीत मात्र अंधार: दुर्बीण घेताना आणि वापरताना या चुका टाळा

हिवाळ्यात पेंचच्या सिल्लारी गेटवर पहाटे पोचलं की जवळजवळ प्रत्येक जिप्सीत कुणाच्या तरी गळ्यात दुर्बीण असते. त्यातल्या निम्म्या घरी राहिल्या असत्या तरी काही बिघडलं नसतं. माझी पहिली तशीच होती, १०-३०×५० झूमवाली, म्हणजे १० ते ३० पट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं. दुकानदाराने छतावरून लांबच्या इमारतीची पाटी वाचून दाखवली आणि मी भुललो. जंगलात ३० पटीवर नेली की समोरचं सांबर थरथरत एका काळपट गोलात विरघळून जायचं. महिनाभर मला वाटत होतं, माल खराब निघाला. माल नव्हे, हिशेब खराब होता.

तो हिशेब सोपा आहे. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट. ५० ला ३० ने भागलं की १.७ मिलिमीटर येतात, म्हणजे डोळ्यापर्यंत पोचणारा प्रकाशाचा झोत तेवढाच. झुंजूमुंजू असताना आपली बाहुली ५ ते ७ मिलिमीटर उघडते. वय वाढलं की थोडी कमी. म्हणजे डोळा दार उघडून बसलेला आणि आत येतोय सुईएवढा उजेड. ८×४२ मध्ये हाच आकडा सव्वापाच होतो. म्हणूनच सकाळच्या सफारीत छोटी १०×२५ खिशात छान बसते, पण बांबूच्या सावलीतला गवा तिच्यात नुसता काळा ढिगारा दिसतो. दुकानात दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा. डोळ्याकडच्या भिंगात एक पांढरा ठिपका दिसेल. तो मोठा आणि पूर्ण गोल हवा. कडा चौकोनी कापलेल्या दिसल्या, तर आतल्या प्रिझममध्ये, म्हणजे प्रकाश वळवणाऱ्या काचेत, काटकसर झाली आहे.

दुसरी चूक अलीकडची आहे. परदेशातल्या लांब पल्ल्याच्या शिकारीचे व्हिडिओ पाहून लोक रायफल आणि तिच्यावरच्या टेलिस्कोपची मापं पाठ करतात, आणि तीच मोजपट्टी सफारीला लावतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आता छंदाच्या शिकारीचा विषय मिटला आहे. राहता राहिला तो टेलिस्कोप, तर त्याचं काम निराळं. रायफलीचा धक्का बसू नये म्हणून त्यात डोळा आठ-दहा सेंटिमीटर मागे ठेवावा लागतो. दिसणारा भाग अरुंद, मधे फुली, आणि एकच डोळा वापरायचा. चालत्या जिप्सीतून त्यात नीलगायसुद्धा सापडणार नाही. शिवाय असलं काही घेऊन वनखात्याच्या गेटवर उभं राहिलात, तर प्रश्नोत्तरांत सकाळची फेरी जाईल ती वेगळीच.

मग घ्यायचं काय? माझं मत ठाम आहे: जंगलासाठी ८×४२. १० पट घेतली की प्रतिमा थोडी मोठी होते, पण हाताची थरथरही तेवढीच मोठी दिसते आणि दृश्य आक्रसतं. हजार मीटरवर ८ पटीत साधारण १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, १० पटीत ११० च्या आसपास. तलावावर गोष्ट वेगळी. खिंडसीसारख्या मोठ्या पाण्यावर लांब तरंगणारी बदकं ओळखायची तर १०×४२ कामाची, आणि ट्रायपॉड असेल तर आणखी बरं. लाल चकाकणारी भिंगं मात्र कुठेच घेऊ नका. ती लाल प्रकाश परतवून लावतात, त्यामुळे हळदी-कुंकू बदकाच्या चोचीवरचं कुंकूच फिकं पडतं.

आता तक्रारींकडे. "एका डोळ्याने स्पष्ट, दुसऱ्याने धूसर" ही सगळ्यात जास्त ऐकू येते आणि दहातल्या नऊ वेळा दुर्बीण चांगलीच असते. उजव्या भिंगाजवळ फिरणारी एक कडी असते, तिच्याकडे कुणी पाहतच नाही. पुढचं उजवं भिंग तळहाताने झाका, दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि मधल्या चाकाने लांबची पाटी डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावं झाका आणि चाकाला हात न लावता फक्त ती कडी फिरवा. जागा सापडली की नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा. घरातल्या इतरांनी फिरवली तरी परत आणता येते.

कडेला काळ्या चंद्रकोरी दिसत असतील तर डोळ्याकडच्या रबरी कपांची उंची चुकली आहे. चष्मा असेल तर कप खाली, नसेल तर वर. चष्मेवाल्यांनी खोक्यावर 'आय रिलीफ' (डोळा भिंगापासून किती मागे ठेवूनही पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर) १५ मिलिमीटरच्या वर आहे का ते आधी पाहावं. दोन-दोन प्रतिमा दिसल्या तर आधी बिजागरी हलवून दोन नळ्यांतलं अंतर डोळ्यांशी जुळवा. तरीही दोन दिसत असतील तर दुर्बीण कुठेतरी आपटली आहे, प्रिझम सरकलं आहे. स्वस्तातली असेल तर दुरुस्तीला पैसे घालू नका. तशीच वापरलीत तर डोकं मात्र नक्की दुखेल.

मे महिन्यातली तक्रार वेगळी: "दुपारी सगळं पाण्यात हलल्यासारखं दिसतं." हलणारच. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेला कुठलंही भिंग थोपवू शकत नाही, आणि जितकी पट जास्त तितकं ते लाटांसारखं जास्त दिसतं. पहाटे पाहा, जवळचं पाहा. दुर्बीण गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र ठेवू नका, आतलं वंगण वितळून भिंगावर येतं.

पावसाळ्यातला शत्रू म्हणजे बुरशी. चामड्याच्या जुन्या पेटीत ठेवलेल्या दुर्बिणीत ऑक्टोबरला टॉर्च मारून पाहा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतील. हवाबंद प्लास्टिक डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढ्यावर काम भागतं. आणि धूळ बसली की दुपट्ट्याच्या टोकाने पुसण्याची आपली नागपुरी सवय सोडा. आधी फुंकणीने उडवा, मग मऊ ब्रश, शेवटी मायक्रोफायबर. धूळ म्हणजे बारीक दगडच, त्याने भिंगावरचा थर ओरखडतो.

एवढं सगळं जुळून आलं तरी वाघ दुर्बिणीत सापडत नाही, कारण आपण आधी दुर्बीण लावतो आणि मग शोधतो. एकदा मी असाच झाडोरा चाळत बसलो होतो. गाईड शेवटी कंटाळून म्हणाला, "भाऊ, पहिले डोळ्यानं पाहा ना. नजर तिथंच ठेवा, अन् मंग लावा." नजर न हलवता दुर्बीण वर आणली, तर पानांमधून एक कान हलत होता.