या चुका टाळा: पावसाळ्यात एचटी केबलला मेगर मारताना

11 केव्हीच्या एचटी (उच्चदाब) एक्सएलपीई (प्लास्टिकसारख्या इन्सुलेशनच्या) केबलला 5 केव्हीचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) मारला, रीडिंग 50 मेगाओहम आलं, की लगेच 'केबल गेली' म्हणून मोकळं व्हायचं! ही घाई सोडा. अनेकदा केबल धडधाकट असते, ओली असतात ती तिची टोकं.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे मेगरचं गार्ड टर्मिनल (पृष्ठभागावरची गळती मोजणीतून वगळणारं टोक) रिकामं सोडणं. हिशेब करून बघा. 5 केव्हीला 50 मेगाओहम म्हणजे 100 मायक्रोअँपिअर. त्यातले 99 टोकाच्या दमट, धूळ बसलेल्या पृष्ठभागावरून जात असतील, तर इन्सुलेशनच्या आतून जातो फक्त 1. म्हणजे खरं रीडिंग 5 गिगाओहम (5000 मेगाओहम)! सोललेल्या इन्सुलेशनवर उघड्या तांब्याच्या तारेचे दोन-तीन घट्ट वेढे द्या आणि ती तार गार्डला जोडा. पृष्ठभागावरची गळती मग मोजणीत येत नाही. वेढे कंडक्टरच्या बाजूला हवेत, स्क्रीनपासून (इन्सुलेशनभोवतीच्या, अर्थला जोडलेल्या धातूच्या आवरणापासून) लांब. स्क्रीनच्या मानाने गार्डवर जवळपास पूर्ण टेस्ट व्होल्टेज असतं. तार स्क्रीनला टेकली तर व्होल्टेज चढणारच नाही. आणि पलीकडचं टोक? तिथली गळती तशीच राहते. तिथेही वेढे द्या, केबलच्या एखाद्या मोकळ्या कोअरमधून (टेस्टमध्ये नसलेल्या आतल्या तारेतून) ते गार्डपर्यंत आणा आणि त्या टोकाला राखणीला माणूस ठेवा.

पुसण्यातही चुकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड घ्या, कंडक्टरकडून काळ्या सेमिकॉनकडे (इन्सुलेशनवरच्या कार्बनयुक्त अर्धवाहक थराकडे) एकदाच पुसा, कापडाची ती बाजू पुन्हा वापरू नका. उलट पुसलंत तर सेमिकॉनचा कार्बन इन्सुलेशनवर ओढला जातो आणि गळतीला वाट मिळते. सुकवायला तोंडाने फुंकर तर अजिबात नको, वाफ तिथेच बसते.

मेगरच्या लीड (जोडतारा) जमिनीवर लोळू देऊ नका, एकमेकींना पिळही नको. 50 गिगाओहमला प्रवाह जेमतेम 0.1 मायक्रोअँपिअर असतो, ओल्या फरशीवरची लीड तेवढा सहज खाते. आधी लीड हवेत मोकळ्या धरून पूर्ण व्होल्टेजला रीडिंग घ्या. केबलचं रीडिंग त्याच्या जवळपास आलं, तर तुम्ही लीडच मोजताय.

पंधरा सेकंदांत आकडा लिहून पळू नका. 1 मिनिटाचं आणि 10 मिनिटांचं रीडिंग जवळपास सारखंच असेल, तर आधी गार्ड आणि सफाई तपासा, केबलचा निकाल नंतर.

10 मिनिटं टेस्ट केलीत, तर डिस्चार्ज करून किमान 40 मिनिटं कोअर अर्थला बांधून ठेवा. त्याआधी हात लावायचा नाही.