रात्री कॉम्प्युटर बंद करावा की स्लीपवर ठेवावा?

रोज वापरात असलेला घरचा कॉम्प्युटर रात्री स्लीपवर टाका आणि आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा. चार-पाच दिवस कोणी हात लावणार नसेल, बाहेर विजा कडाडत असतील किंवा लाईट सारखी जात-येत असेल, तर पूर्ण बंद करा. नुसता चालू सोडून झोपणं ही मात्र शुद्ध उधळपट्टी. रात्रभर बॅकअप किंवा मोठं डाऊनलोड चालणार असेल तेवढाच त्याला अपवाद, आणि तेव्हाही मॉनिटर बंद करा. स्क्रीनसेव्हरने वीज वाचत नाही.

हिशोब सोपा आहे. रिकामा बसलेला साधा डेस्कटॉप 60 वॅट घेतो असं धरलं, तर आठ तासांत 480 वॅट-तास, म्हणजे जवळजवळ अर्धा युनिट जळतो. महिन्याचे झाले सव्वाचौदा-साडेचौदा युनिट. मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर आणखी जास्त. तोच डेस्कटॉप स्लीपमध्ये दोन-तीन वॅटवर राहतो. महिन्याला अर्धा ते पाऊण युनिट. शट डाऊन केल्यावरही भिंतीवरचं बटण चालू असेल, तर पॉवर सप्लाय थोडी वीज ओढतच असतो. त्यामुळे स्लीप की शट डाऊन, हा विजेच्या बिलाचा प्रश्नच नाही.

रोज बंद-चालू केल्याने मशीन झिजतं, ही भीतीही सोडून द्या. हार्ड डिस्क निदान काही हजार वेळा बंद-चालू होईल अशीच बनवलेली असते, आणि रोज एकदा या हिशेबाने दहा वर्षांत फक्त 3,650 वेळा होतं. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, तर फिरणारा भागच नसतो.

खरी गोम विंडोजच्या ‘शट डाऊन’मध्ये आहे. विंडोज 8 पासून त्यात फास्ट स्टार्टअप आलं, आणि बहुतेक मशीनवर ते आधीपासूनच चालू असतं. शट डाऊन केलं की तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (प्रिंटर, ब्लूटूथ अशी उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्राम) यांची स्थिती डिस्कवर जशीच्या तशी लिहून ठेवली जाते. सकाळी तीच परत उचलली जाते. म्हणजे काल अडकलेला प्रिंटर किंवा गायब झालेला ब्लूटूथ आजही तसाच, आणि ‘रोज तर बंद करतो, तरी हळू का?’ हा प्रश्न कायम. खात्री करायची असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि ‘अप टाइम’ बघा. तिथे 11:06:42:15 असं दिसलं, तर पहिला आकडा दिवसांचा. रोज रात्री बंद करूनही अकरा दिवस!

रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. म्हणून आठवड्याचा एक रीस्टार्ट सात शट डाऊनपेक्षा जास्त कामाचा. एखाद्या वेळी पूर्ण बंद करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाऊनवर क्लिक करा. कायमचं हवं असेल तर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूझ व्हॉट द पॉवर बटन्स डू’ असं जा, वरची ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही ओळ दाबा आणि फास्ट स्टार्टअपची खूण काढा. त्याच मशीनवर सोबत लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमही असेल तर हे कराच. नाहीतर विंडोजचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा भाग, तिकडून नीट उघडत नाही, फार तर फक्त वाचता येतं.

स्लीपची दुखणी वेगळी. मध्यरात्री पंखा आपोआप घरघरू लागला, तर सकाळी इव्हेंट व्ह्यूअर उघडा आणि विंडोज लॉग्जमधल्या ‘सिस्टिम’ यादीत ‘पॉवर-ट्रबलशूटर’ची नोंद शोधा. कोणी जागं केलं ते तिथे ‘वेक सोर्स’पुढे लिहिलेलं असतं. माऊस किंवा नेटवर्क कार्ड निघालं, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबवर कॉम्प्युटर जागा करण्याची परवानगी काढून घ्या. कीबोर्डची राहू द्या. टायमर निघाला तर पॉवर प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये, स्लीपखाली, ‘अलाऊ वेक टायमर्स’ डिसेबल करा.

स्लीपमध्ये उघडं काम रॅममध्ये असतं. लाईट गेली की ते गेलं, म्हणून झोपण्याआधी फाईल सेव्ह करायचीच. लॅपटॉपला बॅटरीचा आधार असतो, पण झाकण मिटून बॅगेत टाकलेला लॅपटॉप स्लीपमधून जागा होऊन आत तापू शकतो, बॅटरीही उतरते. बॅगेत जाणार असेल तर हायबरनेट करा, म्हणजे उघडं काम डिस्कवर लिहून मशीन बंद होतं. तो पर्याय मेनूत दिसत नसेल तर पॉवर बटणांच्या त्याच पानावर त्याची खूण लावता येते.

विजा चमकत असताना भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा, राऊटरकडून येणारी नेटवर्कची तारही काढा. पण आधी शट डाऊन पूर्ण होऊ द्या. पडद्यावर अपडेट चालू असताना वीज तोडली तर विंडोज पुन्हा सुरूच न होण्याची शक्यता असते. रोज रात्री प्लग काढायची मात्र गरज नाही. वीज पूर्ण तोडली की घड्याळ मदरबोर्डवरच्या सीआर2032 या बटणासारख्या सेलवर चालतं आणि तो लवकर संपतो. मग तारीख मागे जाते आणि सुरक्षित वेबसाइट प्रमाणपत्राची तक्रार करत उघडेनाशा होतात. तसं झालं तर मशीन बंद करून, प्लग काढून सेल बदला आणि तारीख-वेळ पुन्हा लावा.