ऑक्सिजन शून्य केला आणि यीस्ट वाढेना

आमच्या यवतमाळकडे कापूस वेचून झाला की वावरात पऱ्हाटी उरते. थोडी चुलीत जाते, बाकीची धुऱ्यावर पेटवतात. बीएस्सीला मायक्रोबायोलॉजी घेतल्यावर कळलं, की त्या काडीत साखरेच्याच साखळ्या आहेत आणि त्या तोडणारी बुरशीही आहे. ट्रायकोडर्मा रीसाय दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर सैन्याचे सुती तंबू कुजवताना सापडली होती. कापूस खाणारी बुरशी कापसाच्या काडीवर का चालू नये, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून गेला नाही.

एमएस्सीला आमच्याकडे फर्मेंटर (सूक्ष्मजीव वाढवायचं भांडं) नव्हता, म्हणून कम्प्युटरवरचं मॉडेलिंग घेतलं. बाबा म्हणाले, "कम्प्युटरात बुरशी कशी उगवते वं माय?" मी त्यांना दुकानाच्या खातेवहीवरून सांगितलं. पेशीतल्या प्रत्येक पदार्थाचं एक खातं. जितकी जमा, तितकाच खर्च, शिल्लक शून्य. अशी हजारभर खाती एकमेकांत गुंतलेली. ती सगळी जुळवून वाढ जास्तीत जास्त किती होईल, हे लिनिअर प्रोग्रामिंगनं (मर्यादा पाळून सर्वांत मोठं उत्तर शोधायचं गणित) काढायचं. याला फ्लक्स बॅलन्स ॲनालिसिस म्हणतात.

सुरुवात यीस्टपासून करा. काडीतली साखर सुटली की तिचं इथेनॉल करायला यीस्टच लागतं; तीही बुरशीच, आणि तिचा अभ्यास सर्वांत जास्त झालाय. बिग (BiGG) या मॉडेलांच्या डेटाबेसवरून यीस्टचं आयएमएम९०४ (iMM904) हे मॉडेल घ्या (९०४ हा जीन्सचा आकडा) आणि अशी मॉडेलं चालवणारं, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं कोब्रापाय (COBRApy) वापरा. दोन्ही फुकट आहेत. माझा लॅपटॉप ४ जीबीचा होता आणि एक उत्तर यायला सेकंदही लागत नव्हता. फाइल एकदा उतरवली की नेट नको. लाईट गेली तरी बॅटरीवर काम चालायचं.

माझं पहिलं मोठं अडणं सांगते. इथेनॉल हवं तर हवा बंद, एवढं पाठ होतं. ऑक्सिजनची आवक शून्य केली आणि वाढही शून्य आली. दोन दिवस कोडमध्ये चूक शोधली. चूक कोडमध्ये नव्हतीच. यीस्टला पेशीच्या आवरणासाठी अर्गोस्टेरॉल (एक मेदासारखा पदार्थ) आणि असंतृप्त मेदाम्लं लागतात, आणि ती घडवायला ऑक्सिजनच लागतो. हवा बंद केली तर ती खाद्यातून द्यावी लागतात. प्रयोगशाळेत बिनहवेच्या माध्यमात अर्गोस्टेरॉल आणि ट्वीन ८० (यातून मेदाम्ल मिळतं) घालतात ते याचसाठी. मॉडेलमध्ये त्यांची आवक मोकळी केली आणि यीस्ट वाढलं. त्या संध्याकाळी मला बायोकेमिस्ट्री खरी कळली, पुस्तकात चार वेळा वाचूनही कळली नव्हती. म्हणून शून्य उत्तर आलं की घाबरू नका. कोणतं खातं अडलंय ते शोधा.

उलटी तपासणीही करत जा. एका ग्लुकोजपासून जास्तीत जास्त दोन इथेनॉल, म्हणजे १ किलोला साधारण ५१० ग्रॅम. आवक १० ग्लुकोजची आणि इथेनॉल २० च्या वर दिसलं, तर एक तर दुसरा एखादा कार्बनचा स्रोत उघडा राहिलाय, नाहीतर एखादं समीकरण जुळलेलं नाही.

पऱ्हाटीकडे वळलात की झायलोज ही काडीतली दुसरी साखर भेटेल. साधं यीस्ट ते आंबवत नाही, म्हणून पिचिया स्टिपिटिस या झायलोज आंबवणाऱ्या दुसऱ्या यीस्टचे जीन्स त्यात घालतात. पण झायलोज पचवायच्या पहिल्या पायरीला मुख्यतः एनएडीपीएच लागतं, दुसरीला एनएडी (दोन्ही पेशीत इलेक्ट्रॉनची ने-आण करणारे रेणू). एका खात्यातली तूट दुसऱ्यातून भरता येत नाही आणि झायलिटॉल हा मधला पदार्थ साचतो. हवा बंद केली की मॉडेलही नेमकं हेच दाखवतं. मात्र काडीवर आम्लाची प्रक्रिया करताना फरफ्युरल हे विषारी रसायन तयार होतं आणि यीस्टला त्रास देतं, हे खातेवहीत कुठेच नसतं. ते बाटलीत वाढवूनच पाहावं लागतं.

पुढे शिकायचं असेल तर गेट (GATE) या प्रवेश परीक्षेचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर द्या, आणि बारावीला गणित सोडलेलं असेल तर मॅट्रिक्स (आकड्यांच्या चौकटींचं गणित) आताच शिकायला घ्या. मी एनपीटीईएलच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांवर शिकले. पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, कल्चर (जिवंत सूक्ष्मजीवांचा नमुना) तिथून मागवता येतं. यंदा वेचणी झाली की बाबांनी दोन पोती पऱ्हाटी माझ्यासाठी बाजूला ठेवायचं कबूल केलंय.