भंगारातल्या कॉम्प्युटरचा हलता उंदीर: या चुका टाळा

अनंत चतुर्दशीला इंदूरच्या रस्त्यांवर रात्रभर झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात. हुकुमचंद ही कापडगिरणी १९९१ साली बंद पडली, तरी तिच्या नावाची झांकी निघायची थांबली नाही. असल्या गावात घरच्या गणपतीपुढे नुसती थर्माकोलची कमान उभी केली तर पोरंसुद्धा नाक मुरडतात. काहीतरी हललं पाहिजे. आणि माळ्यावर जुना कॉम्प्युटर पडलेला असतोच. नसला तर भंगारवाल्याकडे किलोच्या भावात मिळतो.

त्या डब्यातून काय काय निघतं? एखादा डीव्हीडी रायटर, हार्ड डिस्क, दोन-तीन पंखे, एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) आणि वायरवाला माऊस. माऊसचं वरचं टरफल म्हणजे तयार मूषक. कान चिकटवले, डोळे रंगवले की झालं. तो बिळातून निघून मोदकापर्यंत जावा, थबकावा आणि परत फिरावा एवढीच अपेक्षा. ती पूर्ण करताना लोक कुठे अडतात ते सांगतो.

आधी कल्पना, मग भंगार

बाकीच्या बऱ्याच चुका या एकाच चुकीतून निघतात. लोक आधी कागदावर चित्र काढतात, की उंदीर मखराला प्रदक्षिणा घालेल, मग कमानीवर चढेल. मग त्या हालचालीसाठी भंगारात मोटर शोधत बसतात आणि नको त्या मोटरीला नको ते काम लावतात. क्रम उलटा हवा. डब्यातल्या प्रत्येक वस्तूला आधीच एक चाल असते. ती बघायची आणि मग गंमत ठरवायची.

डीव्हीडी रायटरमधली लेन्सची गाडी आटे पाडलेल्या बारीक दांड्यावर सरकते. तिचा प्रवास जेमतेम चार सेंटिमीटरचा, पण चाल फार सुबक. ट्रे मात्र भरपूर बाहेर येतो आणि जोरानं येतो, कारण त्याच्यामागे गिअर आहेत. हार्ड डिस्कचा हात फक्त झटका देतो, इकडून तिकडे. मान डोलावणारा किंवा शेपूट आपटणारा प्राणी त्यातून छान होतो. पंखा गरगर फिरतो, त्याला दुसरं काही येत नाही. लांब पळवायचंच असेल तर जुन्या इंकजेट प्रिंटरचा शाईचा गाडा शोधा, तो पानाच्या रुंदीइतका धावतो.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा करणाऱ्यानं ट्रे घ्यावा. उंदीर ट्रेवर बसवायचा आणि पुढे बिळाचं भोक कापलेला पुठ्ठा लावायचा. ट्रेची मोटर साधी डीसी असते. पाच व्होल्ट दिले की बाहेर, तारा उलट्या केल्या की आत. ट्रे पूर्ण उघडला की बंद झाला हे सांगणारा छोटा स्विच बहुतेक ड्राइव्हमध्ये आयताच बसवलेला असतो, तो उपटून टाकू नका. ट्रे अडखळत असेल तर मोटरीला दोष देण्याआधी रबरी पट्टा बघा. वर्षानुवर्षं पडून तो सैल आणि गुळगुळीत होतो. नवा पट्टा किंवा त्या मापाचं घट्ट रबर बसवलं की निम्मी दुरुस्ती तिथेच होते.

उघडू नये ते उघडणं

एसएमपीएसचा डबा खोलू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास वीज काही काळ टिकून असते. आत आपल्या कामाचं तसंही काही नाही. डीव्हीडी रायटरच्या लेन्समागच्या लेझरला वीज देऊन बघायचा मोह आवरा. त्यातला एक लेझर डोळ्यांना दिसतच नाही आणि दिसणारा लाल लेझर डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा करण्याइतका तीव्र असतो. जुन्या स्कॅनरमधली पांढरी नळी फोडू नका, तिच्यात पारा असतो.

हार्ड डिस्कला साधा स्क्रूड्रायव्हर चालत नाही, चांदणीच्या आकाराचा टॉर्क्स लागतो. लॅपटॉपच्या डिस्कमधली चकती बऱ्याचदा काचेची असते, वाकवायला गेलात तर तिचे तुकडे उडतात. हार्ड डिस्कमधल्या चुंबकांबद्दल कितीही सांगितलं तरी लोक बोट चेमटवून घेतातच. दोन चुंबकं एकमेकांजवळ मोकळी ठेवू नका. ती झडप घालून चिकटतात, आणि ठिसूळ असल्यानं त्यांचे कपचेही उडतात.

उंदीर थरथरतो, पळत नाही

लेन्सच्या गाडीवर काम करणाऱ्याची ही नेहमीची तक्रार. गाडी ओढणारी मोटर बहुधा स्टेपर, म्हणजे टप्प्याटप्प्यानं फिरणारी, असते. काही जुन्या सीडी ड्राइव्हमध्ये तिथेही गिअरवाली डीसी मोटर सापडते, तेव्हा आधी बघून घ्या. स्टेपरला चार टोकं असतात, म्हणजे आत दोन वेगळी वेटोळी. चार तारा मनाला येतील तशा जोडल्या की मोटर जागच्या जागी गुरगुरते.

मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि दोन-दोन टोकं तपासा. ज्या जोडीत साधारण दहा ओहमच्या आसपास आकडा दिसतो ते एक वेटोळं, उरलेल्या दोघांचं दुसरं. बाकी कुठल्याही जोडीत काही दिसायला नको. मल्टिमीटर नसेल तर दोन टोकं एकमेकांना टेकवून दांडा बोटांनी फिरवा. फिरवताना अडल्यासारखा लागला तर जोडी बरोबर आहे.

यानंतर उंदीर पळतो, पण कधी कधी उलटा.

"मामा, हा मोदक सोडून मागेच चाललाय!"

"अरे, मग एकाच जोडीच्या दोन तारा आपसात बदल. दुसरीला हात लावू नकोस."

एवढंच. दोन्ही जोड्या उलटवल्या तर दिशा पुन्हा तीच राहते, म्हणून मामाचा तो शेवटचा ताकीदवजा शब्द.

ती चार टोकं फार बारीक असतात, शेजारीशेजारी टेकलेली, आणि खालचं प्लॅस्टिक उष्णतेनं लगेच वितळतं. आधी तारेच्या टोकाला सोल्डर लावून घ्या, मग मोटरीच्या टोकावर ठेवून सोल्डरिंग आयर्न क्षणभर टेकवा आणि उचला. पाच सेकंद दाबून धरलंत तर टोक उपटून हातात येतं आणि मोटर गेली समजा. सोल्डर झाल्यावर तारा ड्राइव्हच्या पत्र्याला टेपनं बांधून टाका. ओढ टोकावर नको, टेपवर यायला हवी.

गाडी थोडी सरकून किंचाळत थांबते? मग वेग जास्त आहे. या मोटरींत एका फेऱ्याचे साधारण वीस टप्पे असतात आणि एका फेऱ्यात गाडी तीन मिलिमीटर सरकते, म्हणजे एका टप्प्याला ०.१५ मिलिमीटर. चार सेंटिमीटरला सुमारे २६५ टप्पे झाले. सुरुवात सावकाश करून मग वेग वाढवा. एकदम दौडवलंत तर ती टप्पे गाळते. आणि हळू निघून मग सुटलेला उंदीर दिसायलाही खरा वाटतो.

मोटरीला वीज पोचवणाऱ्या ड्रायव्हर बोर्डाचीही गल्लत होते. बाजारात सगळ्यात आधी हातात पडतो तो एल२९८एन. तो स्वतःच दोनेक व्होल्ट खातो, त्यामुळे पाच व्होल्ट दिले तर मोटरीपर्यंत तीनच पोचतात आणि उंदीर मरगळतो. ए४९८८ ला मोटरीसाठी किमान आठ व्होल्ट हवेत, शिवाय त्यावरच्या छोट्या स्क्रूनं करंट कमी करून घ्यावा लागतो, नाहीतर मोटर भाजते. पाच व्होल्टच्या खेळण्याला डीआरव्ही८८३३ चा बोर्ड बरा. कुठलाही घ्या, वीज चालू असताना मोटरीची तार काढू नका, बोर्ड मरतो. उंदीर थांबला असताना मोटरीचा पुरवठाही बंद करा. स्टेपर उभी राहिली तरी वीज खाते आणि तापते. मग गरम गोंद सुटतो आणि मूषकराज आडवे होतात.

वीज कुठून घ्यायची

एसएमपीएसची हिरवी वायर काळीला जोडली की तो चालू होतो, हे आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे. पिवळीवर बारा व्होल्ट, लालवर पाच. अडचण अशी की तो मागितलं तेवढा करंट देतो. तार तारेला टेकली तर तुमची बारीक वायर धूर सोडू लागेपर्यंत तो थांबेलच असं नाही. वापरायचाच असेल तर मध्ये एक-दोन अँपिअरचा फ्यूज टाका. खरं सांगायचं तर एका उंदरासाठी त्याची गरजच नाही. पाच व्होल्ट दोन अँपिअरचा मोबाइल चार्जर पुरतो. समई, पाण्याचा तांब्या आणि पोरांचे ओले हात यांच्या शेजारी तोच शहाणपणाचा.

पॉवर बँकेवर चालवणाऱ्यांची वेगळीच कटकट: उंदीर विसावला की थोड्या वेळानं सगळंच बंद पडतं. बऱ्याच पॉवर बँका कमी करंट ओढला गेला की फोन भरला असं समजून झोपतात. बिळात एखादा एलईडी लावून बघा, पण एवढ्यानं भागेलच असं नाही. चार्जरच बरा.

मोटरीला हुकूम सोडणारा प्रोग्रॅम ज्यात भरतो त्या छोट्या बोर्डाच्या, म्हणजे अर्डुइनोच्या, पिनला मोटर थेट जोडू नका. पिन ४० मिलिअँपिअरपलीकडे झेपत नाही, मोटर त्याच्या दहापट मागते. मोटर सुरू होताच अर्डुइनो पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल तर व्होल्टेज क्षणभर कोसळतंय. ड्रायव्हरच्या पुरवठ्याजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावा. आणि ड्रायव्हर, अर्डुइनो, चार्जर या तिघांची काळी तार एकत्र आहे ना बघा. ती वेगळी राहिली की उंदीर वेड्यासारखा वागतो आणि लोक दोन दिवस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात.

पंख्याचं थोडक्यात. तारा उलट्या लावून तो उलटा फिरत नाही, नुसता थांबतो. तीन तारांच्या पंख्यात पिवळी तार बहुधा वेग सांगणारी असते, तिला वीज द्यायची नाही. बारा व्होल्टचा पंखा पाचवर फिरेलच अशी खात्री नाही. टिचकी मारल्यावर फिरत असेल तर व्होल्टेज कमी पडतंय.

शेपूट आणि वजन

इथे इलेक्ट्रॉनिक्सचा संबंध नाही, तरी निम्मे उंदीर इथेच अडकतात. माऊसची मूळ वायर शेपूट म्हणून ठेवायला सगळ्यांना आवडतं. ती जाड आणि ताठ असते. गाडी पुढे गेली की ती मागे खेचते, टप्पे गळतात आणि चार फेऱ्यांनी उंदीर भलत्याच जागी उभा असतो. वायर कापा, काळा लोकरीचा धागा लावा. माऊसच्या आतला सर्किट बोर्ड आणि वजनासाठी घातलेला लोखंडी तुकडा, असलाच तर, काढून टाका. ती गाडी लेन्स वाहायला बनवलेली आहे, तिच्या पाठीवर फक्त पोकळ टरफल द्या. चिकटवण्याआधी पत्रा स्पिरिटनं पुसा, तेलकट धातूवर गोंद बसत नाही.

उंदीर उभा चढवायचा असेल तर लाइट गेल्यावर काय होईल याचा विचार करा. या दांड्याचे आटे इतके तिरके असतात की वजन जड असेल तर गाडी आपोआप खाली घसरू शकते. आडवी मांडणी निवांत.

घरात खोबरेल हाताशी असतं म्हणून ते दांड्यावर ओतू नका, थंडीत घट्ट होतं आणि धूळ धरतं. मूळ ग्रीस ओलसर असेल तर तसंच राहू द्या. सुकलं असेल तर कापडानं पुसून पांढऱ्या ग्रीसचा ठिपका द्या, ठिपकाच.

लाइट गेल्यावर उंदीर वाट विसरतो

स्टेपरला आपण कुठे आहोत हे कळत नाही. वीज गेली तेव्हा उंदीर मोदकाजवळ असेल, तर परत आल्यावर तो तिथूनच आणखी पुढे जायला बघेल. उपाय जुना आहे. चालू होताना आधी सावकाश तीनशे टप्पे मागे जा. गाडी भिंतीला टेकेल, जरा टर्र करेल, आणि तिथे शून्य धरायचं. ॲपल टू या जुन्या कॉम्प्युटरच्या फ्लॉपी ड्राइव्ह सुरू होताना जो खडखडाट करत, तो याच कामाचा होता. आवाज नको असेल तर ट्रेमधला तो छोटा स्विच इथे बसवा.

दिवसभर उंदीर पळवत ठेवू नका. माणूस समोर आला की धावेल असा पीआयआर सेन्सर लावा. सुरू केल्यावर तो मिनिटभर उगाचच उड्या मारतो, तेव्हा लगेच खराब ठरवू नका. नंतरही कोणी नसताना उंदीर धावत असेल तर सेन्सरच्या नजरेत समई येते का ते बघा. तो उष्णतेतला बदल ओळखतो आणि वाऱ्यानं हलणारी ज्योत त्याला माणसासारखीच वाटते. त्याच्या बाजूंना पुठ्ठ्याची झापडं लावली की प्रश्न मिटतो. समईपासून थर्माकोलही हातभर लांब ठेवा.

उरलेले बोर्ड आणि वायरी तांब्यासाठी जाळू नका. आपल्याकडे कचरागाडीत ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो, त्यात द्या. त्याआधी मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी काढून लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवा, गिळली तर जीवावर बेतते. हार्ड डिस्कवर घरचे फोटो किंवा बँकेचे कागद असतील तर चकतीवर भोक पाडून मगच ती बाहेर जाऊ द्या. काचेची असेल तर आधी जाड कापडात गुंडाळा.